गुडघ्यात इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांना खुले पत्र

डॉक्टर महोदय,
स. न. वि. वि.

हे पत्र अस्थिरोगतज्ज्ञांना आहे, संधिवाततज्ज्ञांना आहे, वेदनातज्ज्ञांना आहे, आणि रोजची ओपीडी सांभाळता सांभाळता गुडघ्यातही सुई टोचणाऱ्या डॉक्टरांनाही आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघा झिजलेला माणूस कधी तुमच्याकडून माझ्याकडे येतो, कधी माझ्याकडून तुमच्याकडे जातो. इंजेक्शन आधी झालेलं असलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कोणतं इंजेक्शन दिलं?" उत्तरही जवळपास ठरलेलंच: "गुडघ्यातलं."

फार तर "ते महागातलं" किंवा "पाणी काढून मग दिलं ते". सूज-दुखणं दाबणारं स्टेरॉइड होतं की वंगणासारखं जेल, किती दिलं, पहिलं की तिसरं, यातलं काहीही त्या माणसाला ठाऊक नसतं, आणि त्याच्या पिशवीतल्या कागदांवरही नसतं. एक्स-रे असतो, औषधांची चिठ्ठी असते, त्यावर कॅल्शियमच्या गोळीचं नाव ठळक असतं. सांध्याच्या आत जे गेलं त्याची मात्र एक ओळ नसते.

माझा इंजेक्शनांना विरोध नाही, हे आधीच सांगून टाकते. दुखण्याने रात्र रात्र जागणाऱ्या माणसाला मी मांडीचे व्यायाम करा म्हणून सांगत बसले तर तो माझ्याकडे नुसतं बघत राहतो. त्याला स्टेरॉइडने थोडी उसंत मिळाली की त्याच उसंतीत आम्ही दोघं मिळून बरंच काम उरकतो. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनाही तेच म्हणतात: बाकीच्या औषधांचा उपयोग होत नसेल किंवा व्यायामाला हातभार लागणार असेल तर सांध्यात स्टेरॉइड देण्याचा विचार करावा, आणि त्याचा आराम 2 ते 10 आठवड्यांचाच असतो हे रुग्णाला सांगावं. सूचनेतला हा दुसरा अर्धा भाग किती जणांपर्यंत पोचतो, ते माझ्याकडे येणाऱ्यांच्या बोलण्यावरून कळतं. "सहा महिन्यांची निश्चिंती" असं समजून आलेला माणूस दीड महिन्याने निराश होतो, आणि पुढच्या सुईची तारीख मागतो.

मला बोलायचंय ते सुई बाहेर काढल्यानंतरच्या तीन-चार दिवसांबद्दल. या दिवसांत काही बिघडलं तर ते बहुधा घरी बिघडतं, रात्री बिघडतं, आणि घरातल्या कुणालाही हे साधं आहे की गंभीर ते ठरवता येत नाही.

स्टेरॉइडपासून सुरुवात करू. सांध्यात हायड्रोकॉर्टिसोन देण्याचे पहिले अनुभव फिलाडेल्फियाच्या जोसेफ हॉलंडर यांनी 1951 मध्ये प्रसिद्ध केले. म्हणजे या उपचाराला सत्तरहून जास्त वर्षं झाली. त्याचे लहानमोठे दुष्परिणाम तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहेत. ट्रायॲम्सिनोलोनसारखी औषधं न विरघळणाऱ्या स्फटिकांच्या रूपात असतात. त्या स्फटिकांमुळे काहींचा गुडघा त्याच रात्री भडकतो, आणि एक-दोन दिवसांत शांत होतो. काहींचा चेहरा दुसऱ्या दिवशी लालबुंद होऊन तापतो. झोप उडते. पाळी चुकते किंवा मध्येच रक्तस्राव होतो, आणि ती बाई गुडघ्याचा संबंध नसलेल्या डॉक्टरकडे, नसलेल्या कारणाच्या शोधात जाते. औषध त्वचेखाली सांडलं तर तिथे पांढरा डाग पडतो, चरबी विरून खड्डा पडतो. हे सगळं आधी सांगितलं तर किरकोळ आहे, नाही सांगितलं तर घाबरवणारं आहे.

साखरेची गोष्ट मात्र किरकोळ म्हणून सोडता येणार नाही. गुडघ्यात दिलेलं स्टेरॉइड गुडघ्यातच राहतं अशी समजूत रुग्णांची असते. वागणूक पाहिली तर काही डॉक्टरांचीही असावी असं वाटतं. ते रक्तात जातं. मधुमेह असलेल्या माणसाची साखर पहिल्या एक-दोन दिवसांत चांगलीच चढते, आणि उतरायला काही दिवस, कधी आठवडा लागतो. एरवी नीट ताब्यात असलेली साखर 300 च्या पलीकडे गेलेली दिसू शकते. इन्शुलिन घेणाऱ्यांनी ते दिवस वारंवार तपासायला हवं. ज्याला कुणी सांगितलेलंच नाही, तो तिसऱ्या दिवशी सहज तपासतो, आकडा बघून दचकतो, आणि मग स्वतःच्या मनाने गोळी वाढवतो किंवा जेवण टाकतो. दोन्हींत धोका आहे. टेबलावर झोपवण्याआधी दोन वाक्यं बोललं की हे टळतं.

दुसरी अशीच एक गोष्ट, जिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. एचआयव्हीच्या उपचारातली रिटोनाविर आणि कोबिसिस्टॅट ही औषधं यकृतात स्टेरॉइड मोडण्याचं काम रोखतात. अशा माणसाला ट्रायॲम्सिनोलोनचं एकच इंजेक्शन दिलं तरी ते शरीरात आठवडेच्या आठवडे टिकून राहतं. चेहरा सुजतो, वजन वाढतं, आणि शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं बंद पडतं. हे वैद्यकीय साहित्यात पुन्हा पुन्हा नोंदलं गेलेलं आहे. पण मुलगा, सून आणि कंपाउंडर उभे असताना "आणखी काही औषधं चालू आहेत का?" असं विचारलंत, तर कोणता माणूस खरं सांगेल? हा प्रश्न दार लावून विचारायचा असतो.

कूर्चेचं, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत अस्तराचं, काय होतं, यावर मी तुम्हाला शिकवणं बरं नव्हे. तरी 2017 मध्ये जामा या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्या चाचणीची आठवण करून देते. 140 रुग्ण, दोन वर्षं, दर बारा आठवड्यांनी एका गटाला 40 मिलिग्रॅम ट्रायॲम्सिनोलोन आणि दुसऱ्याला नुसतं सलाईन. अखेरीला कूर्चेची जाडी स्टेरॉइडच्या गटात 0.21 मिलिमीटरने घटली होती आणि सलाईनच्या गटात 0.10 ने. दुखण्यात लक्षात घ्यावा असा फरक नव्हता. दशांश मिलिमीटरने चालताना काही जाणवतं का, हा वाद चालू राहील. तो मी तुमच्यावर सोडते. पण "दर तीन महिन्यांनी एक घेत राहा" हा सल्ला ठोकळ्यासारखा देता येत नाही, एवढं त्यातून निघतं. बोस्टनच्या डॉक्टरांनी 2019 मध्ये आपल्याच रुग्णालयातले, खुब्याच्या किंवा गुडघ्याच्या सांध्यात स्टेरॉइड घेतलेले 459 रुग्ण मागे वळून तपासले, तेव्हा 36 जणांच्या सांध्यात झीज झपाट्याने वाढणं, कूर्चेखालच्या हाडाला तडा, हाड मृत होणं असं काहीतरी आढळलं. तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे हे औषधाने झालं की मूळ आजारानेच होणार होतं ते सांगता येत नाही. मला त्यातून व्यवहाराची एकच गोष्ट घ्यावीशी वाटते: दुखणं एकाएकी वाढलं असेल आणि एक्स-रेत त्या मानाने काही दिसत नसेल, तर सुई उचलण्याआधी एमआरआयचा विचार व्हावा. तडा गेलेल्या हाडाचं दुखणं स्टेरॉइडने दाबलं की माणूस त्याच पायावर हिंडू लागतो.

आता जेल. खरं तर या पत्राचं मूळ कारण तेच.

हायल्युरोनिक ॲसिडचं इंजेक्शन देताना रुग्णाला सांगितलं जातं की हे नैसर्गिक आहे, शरीरातच असतं, वंगणाचं काम करतं, साइड इफेक्ट नाही. शेवटचे तीन शब्द चूक आहेत. इंजेक्शननंतर साधारण एक ते तीन दिवसांत काहींचा गुडघा असा सुजतो की पाय जमिनीला टेकवत नाही. सांध्यात पाणी भरतं, कातडी गरम लागते. वैद्यकीय साहित्यात याला संसर्गासारखी दिसणारी दाहक प्रतिक्रिया म्हटलं आहे, कारण काढलेल्या पाण्यात पांढऱ्या पेशींची गर्दी असते आणि कल्चरमध्ये मात्र जंतू वाढत नाहीत. ती पहिल्या सुईपेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या सुईला किंवा नंतरच्या कोर्सला जास्त दिसते, आणि रेणू एकमेकांना जोडून घट्ट केलेल्या जेलबाबत तिच्या नोंदी अधिक आहेत. काही जेल कोंबड्याच्या तुऱ्यापासून बनवलेली असतात, आणि पक्ष्यांचं पीस, अंडं किंवा मांस यांची ॲलर्जी असलेल्यांना ती जपून द्यावीत असं खुद्द त्यांच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. "तुम्हाला अंड्याची ॲलर्जी आहे का?" असं मला विचारलं होतं, हे सांगणारा रुग्ण मला अजून भेटायचा आहे.

इथे "पहिलं सोसलं, म्हणजे आता काळजी नाही" हे गणित उलटं पडतं. पहिली सुई सुखरूप झालेला माणूस दुसरीनंतर आडवा होतो, आणि घरचे म्हणतात, "मागच्या वेळी तर काही झालं नव्हतं, तुम्हीच जास्त चाललात." मग तो दवाखान्यात फोन करतो. फोन उचलणारं माणूस, बहुधा रिसेप्शनवरचं, म्हणतं: "होतं असं. बर्फ लावा. दोन दिवसांत उतरेल."

बहुतेक वेळा उतरतंही. अडचण नेमकी इथेच आहे. जेलचा भडका, स्टेरॉइडच्या स्फटिकांचा भडका, सांध्यात आधीच दडलेल्या कॅल्शियमच्या स्फटिकांनी केलेला हल्ला आणि खराखुरा जंतुसंसर्ग, या चारांचं तोंड पहिल्या दिवशी सारखंच असतं. फोनवर तर सारखंच असतं. संसर्ग बहुधा दोन-चार दिवसांनी डोकं वर काढतो, पण त्याने वेळापत्रक पाळायचं ठरवलेलं नसतं. ताप यायलाच हवा असंही नाही. म्हाताऱ्या माणसात, मधुमेहात, नुकतंच स्टेरॉइड मिळालेल्या शरीरात तो येतच नाही कित्येकदा. आणि खरा संसर्ग असेल तर कूर्चा काही दिवसांतच कायमची बिघडू लागते.

म्हणजे ठरवण्याचा मार्ग एकच: गुडघा डोळ्यांनी बघायचा, पाणी काढायचं, आणि ते पेशींसाठी, स्फटिकांसाठी, ग्रॅम स्टेनसाठी (रंग देऊन जंतू बघण्यासाठी) आणि कल्चरसाठी पाठवायचं. ग्रॅम स्टेनमध्ये जंतू दिसले नाहीत म्हणून संसर्ग नाही असं ठरत नाही, हे तुम्ही शिकवता, मी ऐकून शिकले. तरीही घडतं ते असं की फोनवरच अँटिबायोटिक सांगितलं जातं. गोळ्या तीन दिवस पोटात गेल्यावर पाणी काढलं की कल्चर कोरं येतं, आणि मग तो संसर्ग होता की जेलचा भडका हे कुणालाच कधीच कळत नाही. माझ्याकडे आलेल्या एका आजींच्या बाबतीत नेमकं असंच झालं. त्यांच्या कागदावर आजही "रिॲक्शन?" असं प्रश्नचिन्ह लावून लिहिलेलं आहे. त्यांच्या दुसऱ्या गुडघ्यात आता तेच जेल द्यायचं की नाही, हे त्या प्रश्नचिन्हावर ठरायचं आहे.

जेलने फायदा तरी किती होतो? 2012 मध्ये 89 चाचण्या आणि 12,667 रुग्ण एकत्र तपासून निघालेला निष्कर्ष असा होता की फायदा रुग्णाला जाणवेल इतका नाही. 2022 मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने 169 चाचण्या आणि 21 हजारांहून जास्त रुग्णांचा आढावा छापला. त्यातही सलाईनच्या तुलनेत फरक अगदी थोडा, आणि गंभीर दुष्परिणाम जेलच्या गटात जास्त. त्या गंभीर घटना सगळ्या गुडघ्याच्याच होत्या असं नाही, आणि त्या जेलमुळेच झाल्या हेही सिद्ध झालेलं नाही. काही जणांना जेलने बरं वाटतं, हेही मी पाहते. सलाईन टोचूनही अनेकांना महिनोन्‌महिने बरं वाटतं, हे चाचण्यांतून दिसलेलं आहे. इतक्या थोड्या फायद्यासाठी जो माणूस सुई घेणार, त्याला तोटा किती ते आधी कळायलाच हवं.

सुई सांध्यातच पडते का, हाही भाग आहेच. 2002 च्या एका अभ्यासात एकाच अनुभवी शल्यचिकित्सकाने पाणी न भरलेल्या 240 गुडघ्यांत सुई घातली आणि ती कुठे पोचली ते क्ष-किरणांखाली तपासलं. वाटीच्या बाहेरच्या बाजूने मध्यावर घातलेली 93 टक्के वेळा सांध्यात होती. समोरून, वाटीखालच्या जाड पट्ट्याच्या (टेंडनच्या) आजूबाजूने घातलेली 71 ते 75 टक्के. बाहेर मऊ भागात पडलेलं औषध दुखतं, आणि मग तेही "रिॲक्शन" या खात्यात जमा होतं.

जंतुसंसर्ग दुर्मीळ आहे, हे मान्य. पण तो कुठून येतो ते पाहिलं की नशिबाला बोल लावता येत नाही. 2017 मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीत एकाच बाह्यरुग्ण दवाखान्यात गुडघ्यात इंजेक्शन घेतलेल्या 41 जणांचा सांधा पिकला. बहुतेकांवर शस्त्रक्रिया करावी लागली. कल्चरमध्ये सापडलेले जंतू मुख्यतः तोंडात राहणारे होते. तपासात काय निघालं? हात नीट न धुणं, आणि एका वेळच्या वापरासाठीची मोठी बाटली अनेकांसाठी वापरणं. त्याआधी 2012 मध्ये, त्याच देशात, एका फार्मसीने तयार केलेल्या मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडमध्ये बुरशी निघाली. 20 राज्यांत 753 जण आजारी पडले, 64 दगावले. बहुतेकांना ते मणक्यात दिलं होतं, पण सांध्यात घेतलेलेही त्यांत होते. आणि 2017 च्या अखेरीस एका जेलचा अख्खा लॉट जंतू सापडल्यामुळे परत मागवला गेला. ज्यांच्याकडे लॉट नंबर लिहिलेला होता, त्या रुग्णांना हुडकता आलं. तुमच्याकडे गेल्या वर्षी सुई घेतलेल्यांना उद्या हुडकायचं ठरलं, तर?

पीआरपीबद्दल, म्हणजे रुग्णाचंच रक्त फिरवून वेगळ्या काढलेल्या, प्लेटलेट जास्त असलेल्या द्रवाबद्दल, थोडक्यात. "तुमचंच रक्त, मग काय होणार?" हे ऐकायला छान आहे. पण दोन-तीन दिवस सांधा ठणकणं त्यात नेहमीचंच आहे, पांढऱ्या पेशी जास्त ठेवलेल्या पीआरपीत अधिक. आणि रक्त काढणं, फिरवणं, पुन्हा भरणं यातली प्रत्येक पायरी जंतूंना दार उघडून देते. 2021 मध्ये 288 जणांवर झालेल्या ऑस्ट्रेलियन चाचणीत बारा महिन्यांनंतर पीआरपी आणि सलाईन यांच्यात ना दुखण्यात खरा फरक दिसला, ना कूर्चेत. स्टेम सेल म्हणून विकल्या जाणाऱ्या गोष्टींबद्दल तर बोलूच नये. 2018 मध्ये नाळेच्या रक्तापासून बनवलेलं उत्पादन सांध्यांत आणि मणक्यात टोचून घेतलेल्या 12 अमेरिकी रुग्णांना ई-कोलायसारख्या जंतूंचा संसर्ग होऊन रुग्णालयात दाखल व्हावं लागलं.

आता यातलं नोंदवलं किती जातं? औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी यंत्रणा थॅलिडोमाइडच्या (गरोदरपणी घेतल्याने बाळं व्यंग घेऊन जन्मली त्या औषधाच्या) धड्यानंतर उभी राहिली. जागतिक आरोग्य संघटनेचा कार्यक्रम 1968 पासून आहे. पण गुडघ्यात जाणारे हे तीन द्रव कायद्याच्या तीन वेगळ्या कप्प्यांत पडतात. स्टेरॉइड हे औषध. हायल्युरोनिक ॲसिड अनेक देशांत वैद्यकीय उपकरणाच्या यादीत, म्हणजे त्याची तक्रार वेगळ्या खिडकीवर. पीआरपी रुग्णाच्याच रक्ताचं, ते बऱ्याच ठिकाणी धड कुठल्याच यादीत नाही. जेलला औषध मानावं का, हा विचार अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2018 मध्ये बोलून दाखवला, तोही दोन दशकं ते विकलं गेल्यावर. या गोंधळात रुग्णाचा सुजलेला गुडघा कोणत्याच रजिस्टरात चढत नाही. मीही एक अर्ज भरू शकते, भरतेही. पण त्यात औषधाचं नाव आणि लॉट नंबर या रकान्यांत काय लिहू? "गुडघ्यातलं"?

शस्त्रक्रियेचा मुद्दा राहिला. सांधा बदलण्याच्या आधीच्या तीन महिन्यांत सुई घेतली असेल तर कृत्रिम सांध्यात संसर्गाचा धोका वाढतो, असं मोठ्या पाहण्यांतून दिसलं आहे, म्हणून बहुतेक शल्यचिकित्सक तेवढं थांबतात. पण सुई देणारे तुम्ही आणि सांधा बदलणारे डॉक्टर वेगळे असले, की मधला दुवा रुग्णाची आठवण एवढाच उरतो.

तेव्हा मागणी सरळ आहे. प्रत्येक सुईनंतर रुग्णाच्या हातात एक चिठ्ठी द्या, त्याच्या भाषेत, चष्म्याशिवाय वाचता येईल अशा अक्षरांत. संमतिपत्रावर सही घेता ती तुमच्या फाइलसाठी असते. ही चिठ्ठी त्याच्या घरासाठी. आणि तिच्यावर जो फोन नंबर लिहाल, तो उचलणाऱ्याला "बर्फ लावा" याच्या पुढचं काही ठरवण्याचा अधिकार असू द्या. मी मसुदा करून ठेवला आहे. बदला, सुधारा, तुमच्या लेटरहेडवर छापा:

"आज तारीख ____ रोजी तुमच्या उजव्या / डाव्या गुडघ्यात ____ हे औषध ____ एवढं दिलं आहे. लॉट नंबर ____. या गुडघ्यातलं हे ____वं इंजेक्शन. एक-दोन दिवस थोडं दुखेल. बर्फ लावा, फार चालू नका. स्टेरॉइड दिलं असेल तर चेहरा लाल होऊ शकतो, झोप कमी लागू शकते, आणि मधुमेह असेल तर साखर आठवडाभर रोज, इन्शुलिन घेत असाल तर दिवसातून अनेकदा तपासा. वाढली तर गोळी स्वतः न वाढवता फोन करा. सूज वाढत गेली, पाय टेकवेनासा झाला, गुडघा गरम लागला, थंडी वाजली किंवा दुखणं कमी होऊन पुन्हा वाढलं, तर ताप नसला तरी त्याच दिवशी दाखवा. गुडघ्यातलं पाणी तपासणीसाठी काढण्याआधी घरच्या घरी अँटिबायोटिक सुरू करू नका. पण आम्ही भेटलो नाही तर थांबू नका, जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा आणि ही चिठ्ठी दाखवा. गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली तर ही तारीख तिथल्या डॉक्टरांना सांगा. रात्रीचा फोन ____."

कळावे,
आपली,
एक फिजिओथेरपिस्ट